काजळीचा हिशेब : प्रस्तावना

भाच्याच्या गॅरेजमध्ये, खिडकीखालच्या बाकावर, जुन्या पंचावर पितळी पुंगळ्यांच्या तीन रांगा मांडून ठेवल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या पुंगळ्या तोंडापासून अर्ध्यापर्यंत काळ्या. वात वर चढवून रात्रभर तसाच ठेवलेल्या कंदिलाची काच सकाळी दिसते तशा. दुसऱ्या रांगेतल्यांना तोंडाशी धुराची करडी किनार. तिसरी रांग जवळजवळ कोरी. "मामा, तिन्हींत पावडर एकाच डब्यातली आहे," तो म्हणाला. "टोपी तीच, गोळी तीच, पिस्तूल तेच. मग फरक कशाचा, ओळख."

माझी सगळी नोकरी तोफेच्या दारूचं रसायनशास्त्र करण्यात गेली. त्या ऐटीत मी सांगून टाकलं की पहिल्या रांगेची दारू दमट हवेत उघडी राहिली असणार. तो हसला. पहिल्या रांगेत त्याने पावडर जराशी कमी भरली होती, तिसरीत जराशी जास्त, एवढंच. आणि जराशी म्हणजे ग्रेनचे काही दशांश. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. त्याच्याही अंशाने पुंगळी काळी की कोरी हे ठरत होतं. तोफेच्या नळीत दाब इतका प्रचंड असतो की दारू पुरती जळेल का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पिस्तुलात तो प्रत्येक बाराला पडतो.

त्याच दिवशी त्याने आपल्या वह्या माझ्यापुढे टाकल्या. ओहायोच्या अकरा हिवाळ्यांत, बर्फ साचून बाहेरचं सगळं बंद असताना, त्याने या वह्या भरल्या होत्या : कुठली दारू किती काजळी धरते, कधी धरते, कशामुळे धरते. त्यांतून हे पुस्तक झालं. "प्रस्तावना तूच लिही," असं तो म्हणाला, तेव्हा मी त्याला सांगितलं की मी आयुष्यात पिस्तूल चालवलेलं नाही. "म्हणूनच," तो म्हणाला.

मराठी वाचकाला आधी हा उद्योगच समजावून सांगायला हवा. काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते. पुंगळी तेवढी शाबूत राहते, आणि काडतुसात सगळ्यांत महाग वस्तू बहुधा तीच असते. ती गोळा करून, धुऊन, दाबयंत्रात पुन्हा मापावर आणून, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. यालाच हँडलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीची हाताने चालवायची भरणीची अवजारं १८८४ पासून तिथे विकली जात होती. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा भारतात राहणाऱ्याने हे पुस्तक वाचावं ते कुतूहलापोटी. घरी करून पाहण्यासाठी नव्हे. आणि सगळीच काडतुसं अशी पुन्हा भरता येतात असंही नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, त्या प्रकारातली .२२ ची काडतुसं पहा. त्यांत वेगळी टोपीच नसते, पेटणारं द्रव्य पुंगळीच्या काठात भरलेलं असतं, आणि घोड्याच्या आघाताने तो काठच चेपतो. एकदा उडवली की ती पुंगळी भंगारात.

आता 'दारू' या शब्दाविषयी दोन ओळी, कारण पुस्तकभर तो येणार आहे. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. गंमत म्हणजे जिथे या मिश्रणाचा जन्म झाला त्या चीनमध्येही त्याला 'अग्नी-औषध' अशाच अर्थाचं नाव आहे. पुढे आपल्याकडे औषध मागे पडलं, बाटली आणि बंदूक तेवढ्या राहिल्या. भाच्याने पुस्तकात जुन्या काळ्या मिश्रणाला 'दारू' आणि नव्या धूरहीन द्रव्याला 'पावडर' असं सोयीने वेगळं केलं आहे. मी तितका काटेकोर राहणार नाही.

ही जुनी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७० च्या दशकात ती बंद पोलादी भांड्यात जाळून काय उरतं याचा पक्का हिशेब मांडला, आणि आकडा असा निघाला की वजनाने जवळजवळ ५७ टक्के घनरूपच राहतं. म्हणजे शंभर ग्रॅम दारूतले त्रेचाळीस ग्रॅम वायू होऊन गोळी ढकलतात आणि निम्म्याहून अधिक माल धूर आणि किटण होतो. पोटॅशियमचे क्षार, थोडं गंधकाचं, थोडा कोळसा. हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून ठासणीची बंदूक त्याच दिवशी गरम पाण्याने धुतली नाही तर नळी गंजायला लागते. पाचदहा बारांनंतर नळी आतून इतकी दाटते की पुढची गोळी गजाने खरोखरच ठासावी लागते. दिवाळीच्या पहाटे फटाक्यांनंतर अंगणात जो कुबट वास रेंगाळतो, तोच हा वास. ज्या काळात प्रत्येक दारू अशीच जळत होती, त्या काळात 'स्वच्छ' हा शब्द दारूला लावायचं कुणाला सुचणंही कठीण होतं.

मग १८८४ साली पॅरिसमध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोज मळून, लाटून, कापून एक पावडर बनवली, आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची लेबेल रायफल तिच्यावर चालू लागली. पाठोपाठ आल्फ्रेड नोबेल यांचं बॅलिस्टाइट आलं, १८८९ मध्ये ब्रिटिशांचं कॉर्डाइट. धूर गेला. म्हणजे असं म्हणायची पद्धत पडली. खरं तर पुष्कळ कमी झाला.

का पूर्ण गेला नाही, हे रसायनात आहे आणि ते कळायला सोपं आहे. नायट्रोसेल्युलोजच्या पोटात स्वतःला पुरतं जाळण्याइतका प्राणवायू नसतो. त्यामुळे ते जळतं तेव्हा कर्बवायूबरोबर बराचसा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनही निघतो. हे सगळे वायू, डोळ्यांना न दिसणारे. पण नळीतला दाब किंवा उष्णता अपुरी पडली की हा हिशेब बिघडतो आणि कोळशाचे कण उरतात : काजळी. शिवाय पावडरच्या कणांवर ग्रॅफाइटचा लेप असतो, ते एकमेकांना चिकटू नयेत आणि स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून. भरताना बोटं काळी होतात ती या ग्रॅफाइटमुळे. तिथे अजून काहीच जळलेलं नसतं. पावडर वर्षानुवर्षं टिकावी म्हणून डायफेनिलअमाइनसारखं स्थिरक असतं, जळणं हळू सुरू व्हावं म्हणून कणाच्या पृष्ठभागात मुरवलेली द्रव्यं असतात, तोंडाशी ज्वाळा दिसू नये म्हणून काहींत पोटॅशियमचा क्षार घालतात, आणि तो तर राख झाल्याशिवाय राहतच नाही. कॉर्डाइटची कहाणी इथे सांगायला हवी. त्यात ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग चक्क व्हॅसलिन. ते घातलं होतं नळीला वंगण मिळावं, धातूचा थर बसू नये, या आशेने. ते काम त्याने फारसं केलं नाही. पण तेच व्हॅसलिन कॉर्डाइटला टिकाऊ करतं, असं पुढे निघालं, म्हणून ते राहिलं. नळी स्वच्छ ठेवण्याच्या नादात माणसाला भलतंच काही गवसलं, त्याची ही बहुधा पहिली नोंद.

पण दोष काय किंवा गुण काय, निम्म्याहून जास्त ठरतो तो दाबावर. पावडर जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो, हा नियमही व्हिएल यांचाच. दाब वाढला की कण झपाट्याने जळतात, झपाट्याने जळले की दाब आणखी वाढतो. ओल्या लाकडाची चूल आणि धगधगलेली चूल यांतला फरक ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. लाकूड तेच, एक घर धुराने भरते, दुसरीला धूर नाही.

म्हणूनच या पुस्तकातलं मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण पावडरींविषयी नाहीच, ते पुंगळ्यांच्या जन्मतारखांविषयी आहे. .४५ कोल्ट १८७३ सालचं. त्याची पुंगळी ४० ग्रेन काळी दारू मावावी म्हणून लांब आणि ऐसपैस. .३८ स्पेशल १८९८ चं, तेही काळ्या दारूसाठीच बेतलेलं. या वाड्यांत आज नव्या पावडरचं इवलंसं बिऱ्हाड राहतं; आतली बरीचशी जागा रिकामीच. पिस्तूल वर करून मग नेम धरला तर पावडर बुडाशी टोपीजवळ जाते, खाली करून धरला तर गोळीजवळ, आणि तेवढ्यानेही गोळीचा वेग बदलतो. उलट ९ मिलिमीटर लुगर १९०२ चं. ते धूरहीन पावडरच्या जमान्यातच जन्मलं, म्हणून आखूड आणि भरलेलं. अमेरिकेतल्या उत्पादकांची सामी नावाची संस्था या काडतुसांच्या दाबाच्या मर्यादा ठरवते. .४५ कोल्टला चौरस इंचाला १४,००० पौंड, .३८ स्पेशलला १७,०००, .४५ एसीपीला २१,०००, आणि ९ मिलिमीटरला ३५,०००. हे चार आकडे एकाखाली एक लिहून त्यांच्यासमोर पुंगळ्या ठेवा. काजळीचा क्रम बहुतेक वेळा तोच लागतो, पावडर कुठलीही असो.

एखादा नेमबाज सांगतो, 'ही पावडर फार घाण,' आणि दुसरा शपथेवर सांगतो, 'मला तर आरशासारखी मिळते.' दोघंही खरं बोलत असतात. एक .४५ मध्ये हलका बार भरतो, दुसरा ९ मिलिमीटरमध्ये पुरता. वाद पावडरवरून चाललेला असतो आणि खटका असतो दाबाचा.

पुंगळीच्या बाहेरून येणारी काजळी ही तर आणखी वेगळी गोष्ट आहे. बार होताच पितळ फुगून नळीच्या घराला घट्ट बसतं आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब कमी असेल तर पितळ पुरेसं फुगत नाही, वायू पुंगळीच्या बाजूने मागे सटकतो आणि जाताना काळा शिक्का मारून जातो. ज्या रांगेवरून माझी फजिती झाली ती ही. तिथे दारू घाण जळली की स्वच्छ हे बाहेरच्या डागावरून कळतच नव्हतं. डाग फक्त एवढंच सांगत होता की दार नीट लागलं नाही.

मग गोळीकडे या. ओतीव शिशाच्या गोळीवर मेण आणि ॲलॉक्स नावाचं वंगण चोपडतात. ते जळलं की धूर होतोच, आणि तो धूर पावडरच्या खात्यात जमा होतो. तांब्याचं कवच असलेल्या पण बुडाशी शिसं उघडं असलेल्या गोळीचं बूड गरम वायूत थोडं वितळतं. हल्ली शिशाच्या गोळीवर रंगीत पॉलिमरची भुकटी भाजून बसवतात, लोखंडी खुर्च्यांवर बसवतात तशीच. भाच्याने एकच पावडर घेऊन आधी वंगणाच्या आणि मग भाजलेल्या गोळ्या झाडल्या, तेव्हा 'धुराची' म्हणून बदनाम झालेली ती पावडर अचानक सभ्य झाली. मला वाटतं, जगातल्या निम्म्या पावडरींची अपकीर्ती मेणाने केलेली आहे.

आता नावं घेतल्याशिवाय सुटका नाही. बुल्सआय ही १८९८ ची, म्हणजे .३८ स्पेशलच्याच वयाची. लाफ्लिन अँड रँडने सुरू केली, पुढे ड्यूपाँट, मग हर्क्युलीस, आज अलायंटकडे. इतक्या मालकांच्या हातून गेली आणि अजून विकली जाते. युनिक १९०० ची. तिचे मोठे चपटे कण हलक्या बारात नीट जळत नाहीत, अर्धवट भाजलेले तसेच नळीत सापडतात, म्हणून भरणाऱ्यांच्या तोंडी ती 'घाणेरडी पण गुणी' अशी ठरून गेली. कंपनीने पुढे 'आता अधिक स्वच्छ' अशी जाहिरात केली यातच सगळं आलं. विंचेस्टरची २३१ आणि हॉजडनची एचपी-३८ ही एकच पावडर, दोन डबे. भाच्याच्या ओळखीतला एक गृहस्थ तरीही २३१ स्वच्छ आणि एचपी-३८ मळकट असं मानतो. त्याला दोन्ही डबे एकाच कारखान्यातले असं सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि मत तेच ठेवलं. फिनलंडच्या विह्तावुओरीची एन३२० स्वच्छतेसाठी स्पर्धकांची लाडकी. ती निव्वळ नायट्रोसेल्युलोजची, नायट्रोग्लिसरीन नाही, म्हणून तुलनेने थंड जळते आणि काजळी अगदी थोडी. महागही तेवढीच. हॉजडनची टाइटग्रुप पुंगळीत इवलीशी जागा व्यापते, स्वच्छ जळते, पण तापते फार. उन्हाळ्यात शंभर बारांनंतर पिस्तुलाची सरकपट्टी हाताला चटका देते असं भाचा सांगतो.

यात एक कोडं आहे, आणि रसायनाचा माणूस म्हणून ते मला छळत राहिलं. नायट्रोग्लिसरीनमध्ये प्राणवायू गरजेपेक्षा किंचित जास्तच असतो. मग ज्या पावडरीत ते भरपूर, ती जास्त स्वच्छ जळायला हवी. बुल्सआयमध्ये ते भरपूर आहे, तरी ती काजळी धरते. एन३२० मध्ये ते मुळीच नाही, तरी ती कोरी. कागदावरचं रसायन इथे हात टेकतं. बुल्सआय पिढ्यान् पिढ्या भरली गेली ती .३८ स्पेशलच्या आणि .४५ च्या कागदी निशाणांच्या हलक्या बारात, मेण फासलेल्या शिशाच्या गोळीमागे. ज्या संगतीत ती वाढली त्या संगतीचा काळिमा तिला लागला. भाच्याने तिला ९ मिलिमीटरमध्ये, कवचाच्या गोळीमागे बसवून पाहिलं, तो भाग वाचकाने जरूर वाचावा.

'घाण दारू' या शिक्क्याने किती मोठा घोटाळा होऊ शकतो याचं उदाहरण पिस्तुलाचं नाही, रायफलचं आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची नवी एम१६ ऐन लढाईत अडकू लागली. १९६४ च्या सुमाराला तिच्या काडतुसातली ड्यूपाँटची लांबट कणांची पावडर जाऊन गोल कणांची बॉल पावडर आली होती. ही बॉल पावडर १९३३ मध्ये इलिनॉयमधल्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेन यांनी बसवलेल्या पद्धतीने बनते, आणि त्यातलं उरलेलं आम्ल मारायला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या भाषेत खडू, घालतात. खडू जळत नाही. तो रायफलच्या बारीक वायुनळीत साचत गेला. पण तेवढंच घडलं नव्हतं. नव्या पावडरीने बंदूक बेतलेल्या वेगापेक्षा भराभर चालू लागली. पुंगळीच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे तिथे गंज धरत होता. आणि या रायफलला साफसफाई लागत नाही असा समज पसरून सैनिकांना सफाईचं साहित्यच धड दिलं गेलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या आयकॉर्ड समितीने याची चौकशी केली. पुढे खडूची मर्यादा एका टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणली, घराला क्रोम आलं, सफाईचे संच आले. दारूचा दोष होता, नव्हता असं नाही. पण तिने इतरांचाही दोष अंगावर घेतला.

हे सगळं ठाऊक असल्यामुळेच भाच्याची पद्धत मला पटली. त्याने प्रत्येक पावडरचं वजन सारखं ठेवलं नाही. तसं करणं म्हणजे तांदूळ आणि पोहे सारख्या मापाने शिजवून पाहणं. त्याने सारखा ठेवला गोळीचा वेग. अमेरिकेतल्या पिस्तूल स्पर्धांत 'पॉवर फॅक्टर' मोजतात : गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. हलक्या गटात तो १२५ च्या खाली गेलेला चालत नाही. १४७ ग्रेनची गोळी ८६० फुटांच्या वेगाने गेली की १२६ भरतात. स्पर्धक याच काठावर नांदतो, कारण तिथे धक्का सगळ्यांत कमी, आणि काजळी सगळ्यांत जास्त. म्हणून तुलनाही याच काठावर व्हायला हवी. प्रत्येक पावडरीचे पन्नास बार, तेच पिस्तूल, दर वेळी आधी कोरं पुसलेलं, टोप्या एकाच पेटीतल्या. मग नळीतून ओढलेल्या पांढऱ्या चिंध्या, आणि पुंगळ्यांचे फोटो. कुठली चिंधी कुठल्या पावडरीची हे त्याला कळू नये म्हणून त्याच्या लेकीने त्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या आणि यादी आपल्या दप्तरात ठेवली. दोन हिवाळ्यांनंतर त्याला उमगलं की टिकल्यांच्या आधीचा पहिला हिवाळा जवळजवळ वाया गेला होता, कारण जी पावडर महाग होती ती त्याला स्वच्छ दिसत होती. हे त्याने पुस्तकात लपवलेलं नाही.

'स्वच्छ' या एका शब्दाचे त्याने चार तुकडे केले, तेही बरं झालं. न जळलेले कण वेगळे, काजळी वेगळी, राख वेगळी, शिसं वेगळं. न जळलेले कण खरखरतात, यंत्रात जाऊन अडकतात, पण फुंकरीने उडतात. काजळी दिसायला भयंकर, करते फारसं काही नाही. राख थोडी असते आणि चिवट असते. शिसं नळीला चिकटतं आणि नेम बिघडवतं. माझं त्याच्याशी भांडण आहे ते शेवटच्या प्रकरणावरून. तिथे त्याने या चारींचे गुण एकत्र करून पावडरींची क्रमवारी लावली आहे. चार वेगळ्या परीक्षांचे गुण एका बेरजेत घालण्यात हशील काय? पण वाचकांना यादी हवी असते, आणि प्रकाशकांना तर हवीच असते.

एक गोष्ट त्याने दोन पानांत आटोपली आहे, तिला वीस द्यायला हवी होती. काळं दिसतं ते सहसा निरुपद्रवी असतं, आणि अपायकारक असतं ते दिसत नाही. टोपीतल्या द्रव्यात लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड असतं. गुन्ह्याच्या तपासात संशयिताच्या हातावर शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकत्र असलेले कण शोधतात ते यामुळेच. तेच कण बंदिस्त नेमबाजीच्या जागी श्वासातून आत जातात आणि पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्राच्या धुळीत साठतात. पावडर कितीही कोरी जळो, टोपी आपलं शिसं सोडतेच. पुंगळ्या हाताळल्यावर साबणाने हात धुवा, ती धूळ घरात झटकू नका, आणि त्या बाकावर चहा पिऊ नका. मी पाहिलं तेव्हा त्याच्या बाकावर कप होता. तो आता नाही.

आणि घाण पावडरीची वकिलीही कुणीतरी करायला हवी, ती मी करतो. टाइटग्रुपसारखी दाट पावडर पुंगळीच्या तळाशी एवढीशी दिसते. चुकून दोनदा पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, वरून गोळी निमूट बसते, आणि पिस्तूल हातात फुटू शकतं. युनिकसारखी फुगीर पावडर दुप्पट पडली तर बऱ्याचशा पिस्तूल-पुंगळ्यांत ती काठापर्यंत येते किंवा बाहेर सांडते आणि आपली चूक आपल्या डोळ्यांसमोर ठेवते. एका रात्री पन्नासातल्या एका पुंगळीत भाच्याला विजेरीच्या उजेडात पावडरची पातळी जरा वर दिसली. काट्यावर घातली तर बरोबर दुप्पट. त्या रात्रीपासून तो गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून एकेकीत उजेड टाकून पाहतो, आणि नवशिक्याला पहिली पावडर सुचवताना स्वच्छता विचारातच घेत नाही. नळी पुसायला दहा मिनिटं लागतात.

वाचकाला या पुस्तकात एक उणीव जाणवेल : कुठल्या काडतुसात कुठली पावडर किती ग्रेन भरावी याचा एकही आकडा यात नाही. ते मुद्दाम आहे. तो आकडा पावडरच्या कारखान्याने छापलेल्या चालू वर्षाच्या पुस्तिकेतूनच घ्यायचा, खालच्या टोकापासून सुरुवात करायची, आणि पुंगळी काळी येते म्हणून कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. काळी पुंगळी धुता येते.

वह्या छापायला देण्याआधी मी त्याच्या फळीवरचे डबे मोजले. नऊ होते. पुढच्या रांगेत, हाताशी, बुल्सआय होती, आणि त्याच्या स्वतःच्या यादीत ती स्वच्छतेत शेवटून दुसरी आहे.